उपेलची बत्ती

मी एक जुनी गॅसबत्ती आहे. जुनी असले तरी विसराळू नाही, हे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, वय झालं की माणसं सगळ्यांना माफ करतात म्हणे. मी माणूस नाही.

माझा जन्म कुठल्याशा परमुलखातल्या कारखान्यात झाला. ते मला फारसं आठवत नाही. आठवतं ते डोंगरातल्या आतबाशी गावाजवळचं कुरण, मेंढ्या विण्याचा हंगाम आणि उपेल. उपेल तरुण विधवा होती. गावच्या मेंढपाळ संस्थेच्या सहाशे मेंढ्या तिच्याकडे होत्या आणि मीही संस्थेचीच होते. ती मला स्पिरिटने तापवायची, पंपाने हवा भरायची आणि म्हणायची, "चल गं बाई, एक कोकरू अडलंय." मी फुसफुसत पेटायचे. माझ्या उजेडात शेकडो कोकरं उभी राहिली.

एका वसंतात माझ्या पंपातला चामड्याचा वायसर झिजला. संस्थेचं कोठार सुयुनबाय सांभाळायचा. त्याने उपेलला चार वेळा "उद्या ये" म्हणून परत पाठवलं. शेवटी तिने सुरी काढली आणि स्वतःच्या लग्नातल्या खोगिराचं चामडं गोल कापलं. मेंढीच्या शेपटीच्या चरबीत भिजवून ते माझ्या पंपात बसवलं.

"अगं, खोगिराला खिडकी पाडलीस की!" बायका हसल्या.

"पडू दे. घोड्याला वारा लागेल," उपेल म्हणाली.

हंगाम संपला. एके दिवशी उपेल पाणी आणायला गेली असताना सुयुनबाय तंबूत शिरला. त्याने मला पोत्यात घातलं. घरी नेऊन माझ्या तळावरचा संस्थेचा नंबर कानशीने घासला आणि दारं रंगवतात तो निळा रंग मला फासला. वर गावात बोंब ठोकली, की उपेलने बत्ती विकून दारू ढोसली. पंचांसमोर त्याने नान हातात धरून शपथ घेतली. आमच्याकडे भाकरीवर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. म्हणून सगळ्यांनी त्याचंच खरं मानलं.

उपेलच्या मेंढ्या काढून घेतल्या. तिने तीस वर्षं लोकांच्या भिंतींना चुना फासून पोट भरलं. पोरं तिला बत्तीचोर म्हणत. मी सुयुनबायच्या शेडमध्ये हे ऐकत होते. त्याने मला एक हंगाम वापरलं. माझा मेंटल, म्हणजे ज्योतीवरची जाळी, फाटला, तसं कोपऱ्यात फेकलं. ना कधी तेल, ना कधी फडकं. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. मी गंजले आणि वाट पाहत राहिले. राग गंजत नाही.

मग त्याच्या सुनेने शेड साफ करताना मला गुरांच्या बाजारात नेलं. तिथे मला जोल्चूने घेतलं. जोल्चूला जुन्या बत्त्या दुरुस्त करण्याचा नाद होता. "सासऱ्यांच्या वडिलांची आहे, दादा. पैसे जरा बघून द्या," सून म्हणाली.

जोल्चूने माझा निळा रंग उतरवला. पंपाची मूठ, टाकीचा आकार, काचेची उंची बघून माझी जात ओळखली. तळाची घासलेली जागा पाहून तो हुं म्हणाला. मग त्याने पंप उघडला. वायसरवर अर्धा शिक्का होता. हरणाचं एक शिंग. जोल्चूने तो उजेडात धरला. तो शिक्का त्याच्या वडिलांचा होता. त्यांनी जन्मभर खोगिरं केली, पण बाईसाठी एकच केलं होतं. उपेलसाठी.

त्याने जुना वायसर जपून ठेवला, नवा बसवला आणि उपेलचं घर गाठलं. भिंतीवर खोगीर होतंच. जोल्चूने तिला वायसर दाखवला.

"मी जाऊन त्याला विचारू का?" जोल्चू म्हणाला.

"नको. त्यालाच बोलू दे," उपेल म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सुयुनबायची पंचाहत्तरी होती. सांजेला जोल्चूने मला भर मेजवानीत पेटवलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. "काका, सून म्हणाली तुमच्या वडिलांची आहे."

झकझकीत बत्ती बघून म्हातारा फुलला. "अरे, आमच्या घरचीच ही! वडिलांनी आणलेली. दुसऱ्या कुणाचा हातही लागलेला नाही हिला."

तेव्हा उपेल खोगीर घेऊन आत आली. जोल्चूने जुना वायसर हाताने सपाट केला आणि खोगिराच्या भोकात ठेवला. शिंगाला शिंग मिळालं. मी जीव खाऊन पेटले होते. त्याच्या तोंडावरची एकही सुरकुती मी अंधारात राहू दिली नाही.

उपेलने ताटातला नान उचलून पुढे केला. "घरचीच ना, सुयुनबायदादा? मग धरा हातात. मागे धरला होता तसा."

त्याने हात मांडीखाली घेतले. पन्नास माणसं नानकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी त्याने माफीची मेंढी पाठवली. उपेलने ती दारातूनच परत केली.

मित्रांनो, वस्तू जपा. तेल द्या, पुसा, वर्षातून एकदा उघडून बघा. सुयुनबायने एकदा जरी माझा पंप उघडून वायसर बदलला असता, तर आज तो ताठ मानेने फिरला असता. आता गावात दिवे आहेत, रॉकेल महाग आहे. तरी उपेल मला रोज सांजेला पेटवते आणि खिडकीत ठेवते. समोरचं घर सुयुनबायचं आहे. तो पडदा ओढून घेतो. उपेल आणखी हवा भरते.