बोटावरचा डॉलर

मामंजींनी हातोडीने डबी फोडली तेव्हा मी आरवला वरणभात भरवत होते. घास हातातच राहिला.

"बाबा!" माझा नवरा शुभंकर धावत मागच्या पायरीवर आला. "अहो, सीलबंद होती ती! सर्टिफिकेट होतं आत. आता कोण हात लावणार त्याला?"

प्लास्टिकच्या डबीतून निघालेला चांदीचा अमेरिकन डॉलर मामंजींच्या तळहातावर होता. १८८५ सालचा, दुर्मिळ टांकसाळीचा. २००७ साली, नाणी जमवायच्या ऐन भरात, शुभंकरने तो ऑनलाइन लिलावात, अमेरिकन नव्हे, इथल्या पाचशे डॉलरना घेतला होता. आणि पामर्स्टन नॉर्थचे एक निवृत्त मास्तर, ग्रॅहम, तो आठशेला घ्यायला त्याच दिवशी चार वाजता आमच्याकडे हेन्डरसनला येणार होते.

"बंद डबीत कुणीबी राजा," मामंजी म्हणाले. "सकाळधरनं सांगतोय, ह्याचा रंग मला पटंना."

हुपरीला चाळीस वर्षं त्यांनी पैंजण घडवले. त्या ठोक्यांनी त्यांना चांदी ऐकायला शिकवलं आणि शेवटी कानच नेले. इकडे परदेशी आमच्याकडे राहायला आल्यापासून "जेवलात का?" याच्यापलीकडे त्यांना मोठ्याने कुणी काही विचारत नव्हतं. मीसुद्धा.

"निवेदिता, इकडं ये पोरी. माझं कान गेल्यात. तू ऐक."

आरवला कडेवर घेऊन मी पायरीवर बसले. शुभंकरच्या संग्रहातला एक साधा, खात्रीचा डॉलर मामंजींनी बोटाच्या टोकावर तोलला आणि दुसऱ्या नाण्याने त्याच्या कडेला हलकेच टिचकी दिली. बारीक, लांबच लांब नाद निघाला. आरवने तोंडातला घास तसाच धरला. मग दुर्मिळ डॉलर. टक्. लाकडी पाटावर चमचा पडावा तसा. पुन्हा एकदा. टक्.

"किती येळ वाजला?"

मी ओरडून सांगितलं, "वाजलाच नाही, मामंजी."

"झालं तर."

"तू कधीपासून सोनार झालीस गं?" शुभंकर माझ्यावर घसरला.

"सोनार नाही. पण मला ऐकू येतं."

"बरं, समजा असेल खोटा. मलाही कुणीतरी गंडवलंच ना? दुसऱ्या डबीत घालून देऊ. असे ढिगाने विकले जातात. ग्रॅहमला काय कळणार आहे?"

एवढं मात्र मामंजींना कळलं. ऐकू आलं की ओठांवरून उमगलं, कोण जाणे. शेडमधली छिन्नी त्यांनी आधीच आणून ठेवली होती.

"पेढीवर खोटं नाणं आलं की परत सोडायचं न्हाई, तोडायचं. फुडं कुणाच्या पदरात पडू नये."

"पाचशे डॉलर आहेत, बाबा! आणि तुम्ही चुकलात तर?"

"तर मला हुपरीला धाडून दे. तुझ्या घरात पुन्यांदा तोंड उघडणार न्हाई."

त्यांनी छिन्नी टेकवली, तर नाणं पायरीवर घसरलं. मी आरवला शुभंकरच्या हातात दिलं, आत जाऊन चहाची सांडशी आणली आणि नाणं पायरीवर घट्ट धरलं.

"मारा, मामंजी."

तीन घाव. नाणं दुभंगलं. वरून पांढरंशुभ्र, आत पितळ, पिवळंधमक.

शुभंकर आरवच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

ग्रॅहम ठरल्या वेळी आले. मामंजींनी दोन्ही तुकडे त्यांच्या ओंजळीत ठेवले आणि मी इंग्रजीत सगळं सांगितलं, सांडशीसकट. ते बराच वेळ तुकडे उलटसुलट करत राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. आत एक काळवंडलेला डॉलर.

"दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या एका अमेरिकन सैनिकाने माझ्या आईला दिलेला," ते म्हणाले. "खरा आहे का, हे विचारायचा धीर कधी झाला नाही. तुमचे सासरे बघतील?"

मामंजींनी दोन्ही हात धोतराला पुसले. डॉलर बोटावर तोलला, टिचकी दिली आणि माझ्याकडे पाहिलं.

नाद सुटला. लिंबाच्या झाडापर्यंत गेला, कुंपणापर्यंत गेला. ग्रॅहमनी डोळे मिटले. मी मान हलवायचीच विसरले. मामंजी मात्र बोट तसंच वर धरून, माझ्या चेहऱ्यावर तो नाद शोधत थांबले होते.