ब्रसेल्सचे दोन तास

"कान कशाला लागतात ह्या लोकांना? चेहरा दिसतोय ना, मग झालं की..." गोरक्ष तिच्या खांद्याशीच पुटपुटत होते, आणि मीनाच्या चिमटीत तो व्हिसासाठी काढलेला फोटो — पाठीमागे पांढरं, केस घट्ट ओढलेले, दोन्ही कान असे बाहेर आलेले की कुणी तिला दटावायला धरून ठेवलंय. पन्नाशी उलटल्यावर स्वतःचा कान पहिल्यांदा नीट बघायला मिळतो, तिला वाटलं, आणि लगेच दुसरं वाटलं, पाळीला खाली ही जी बारीक दुमड आहे ती सायलीच्या कानालाही आहे. तिनं फोटो पालथा घातला.

"तुमचे बरे आलेत कान."

"बरे? बिनसोंडेचा गणपती दिसतोय."

आज चारच्या आत टूरच्या ऑफिसात जाऊन दोनांतली एक सहल पक्की करायची होती. पहिलीत लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम. दुसरीत व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग. निवृत्त झाल्यापासून गोरक्षांनी सगळा युरोप तोंडपाठ केला होता आणि त्यांची कारणं ऐकली की हसू यायचं. एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसवर तीस वर्षं टर्बाइनच्या आवाजात काढलेला माणूस — त्याला लंडन बघायचं ते राणीच्या राजवाड्यासाठी नाही, तर तिथे नदीकाठी एक बंद पडलेलं पॉवर हाऊस आहे आणि त्यात आता चित्रं टांगलीत म्हणून. "टर्बाइन हॉलमध्ये लोक तिकीट न काढता हिंडतात, मीना! आम्हाला पगार घेऊन हिंडवत नव्हतं." व्हिएन्ना कशासाठी, तर डोंगरातलं पाणी तिथे पंपाशिवाय नळाला येतं. आणि बुडापेस्ट — "नदीच्या अल्याड बुडा, पल्याड पेस्ट. म्हणजे आपलं सायखेडा आणि चांदोरीच की. त्यांनी पूल तेवढे झ्याक बांधले." सायखेडा त्यांचं गाव, जगातलं कुठलंही शहर ते शेवटी गोदावरीच्या त्या काठावर आणून बसवायचे.

मीनाची कारणं कुणी विचारली नव्हती, पण होती. दहावीनंतर शाळा सुटली तरी वाचनालय सुटलं नव्हतं. प्रवासवर्णनं आणून आणून, कुकरच्या शिट्या मोजत, तिनं तो सगळा खंड एकटीनं पालथा घातला होता. पॅरिस, कारण तिथे म्हणे बाई रस्त्याकडे तोंड करून तासभर एकटी कॉफी पीत बसते आणि कुणी विचारत नाही, कुणाची वाट बघताय. प्राग, कारण तिथल्या घड्याळात तासातासाला पुतळे खिडकीतून डोकावतात आणि आत जातात, आमच्या सोसायटीतल्या बायकांसारखे. नकाशावरून बोट फिरवताना मात्र ते पॅरिसहून उडी मारून थेट ॲमस्टरडॅमला उतरायचं. मधलं शहर चटका बसल्यासारखं...

"ब्रसेल्सचं काय एवढं?" गोरक्ष दर वेळी म्हणायचे. "सू करणाऱ्या पोराचा एवढुसा पुतळा. तो बघायला विमानानं जायचं? सायखेड्याच्या घाटावर जिवंत दाखवतो, पाहिजे तेवढे." पुण्याहून अमोलचा फोन आला की तोही, "आई, दुसरीच घ्या, तिकडे गर्दी कमी असते." मुलाचंही कारण तयार. तिघांकडे तिघांची कारणं होती, एकाहून एक पटणारी, आणि लेक सायली ब्रसेल्सला राहते हे त्यांतल्या एकातही नव्हतं.

नव्याण्णवची दिवाळी. कॉलनीतलं क्वार्टर, हॉलमधला फोन, हे पाळी संपवून आत पडलेले. लेक शिकायला जाऊन दोन वर्षं झाली होती. "आई, आम्ही लग्न केलं. रजिस्टर. तो इकडचाच आहे... दिवाळीला येऊ का दोघं? बाबांना सांगशील तू?" — आणि मी काय म्हणाले? लाइनीत खरखर होती असं म्हणता येईल, पण नव्हती. इतका स्वच्छ फोन त्या कॉलनीत पुन्हा कधी लागला नाही. मी म्हणाले, "येऊ नकोस. त्यांना सोसायचं नाही. मी सांगेपर्यंत येऊ नकोस." मग लग्नाचं सांगितलं, चार दिवसांनी, पण हे नाही. ह्यांनी विचारलं, "दिवाळीला येते म्हणाली का?" मी करंजीचं सारण परतत होते, मान वर न करता म्हणाले, "नाही. जमायचं नाही म्हणाली." एवढंच. तिला कधी बोलावलंच नाही. त्यानंतर दर नव्या वर्षाला एक कार्ड, पाकिटावर पत्ता, आणि घरात नाव काढायचं नाही ही सवय. ह्यांना वाटतंय लेक आपणहून तुटली. आणि ब्रसेल्सला बस दोन तास थांबते. दोन तासांत बाप लेकीला दुसरं काय विचारील — का आली नाहीस?

म्हणून व्हिएन्ना. व्हिएन्नाच बरं.

"कात्री कुठंय गं?" कपाटाचं दार करकरलं. ती वळली तर गोरक्षांच्या हातात बिस्किटांचा जुना डबा, आणि झाकण उघडं.

"नागलीचे पापड," ते म्हणाले. "कच्चे आहेत."

"असू द्या. सहलीला होतील. तोंडाला चव नको का?"

"अगं, भाजणार कुठं? हॉटेलात?"

"इस्त्रीवर," मीना म्हणाली, आणि आपल्याच तोंडून ते आलेलं ऐकून दचकली. "खोलीत इस्त्री असते म्हणे."

नागलीचे पापड त्या घरात एकटी सायली खायची. अमोल त्यांना चपलेचे तळवे म्हणायचा. एप्रिलात पीठ मळताना हे कुणासाठी, असं तिनं स्वतःला विचारलंही नव्हतं. तोंड व्हिएन्ना व्हिएन्ना करत होतं आणि हात आपले लाटत होते... गोरक्षांनी झाकण लावलं, नीट, चारी बाजूंनी दाबून.

"इस्त्रीवर," ते पुन्हा म्हणाले. हसले नाहीत.

स्कूटरवर ते एरवी द्वारका सर्कलपर्यंत अख्ख्या वाहतुकीला शिव्या घालत जायचे. आज एकही नाही. कॉलेज रोड येईपर्यंत ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. शर्टाची शिवण खांद्यावर उसवली होती, आणि त्या पाठीवरून काहीच कळत नव्हतं. पापडांवरून काय ओळखलं ह्यांनी? किती ओळखलं?

ऑफिसातली मुलगी गोड होती. "बसा ना काका, काकू. हे एवढं भरा. आवडती राजधानी कोणती आणि का — असंच हो, ग्रुपमध्ये गप्पांना बरं पडतं. दुसरीच टूर ना? अमोलदादा म्हणाले फोनवर."

"हो, व्हिएन्ना," मीना फार लवकर म्हणाली. "पाणी चांगलंय तिथलं."

मुलगी हसली आणि पासपोर्ट घेऊन आत झेरॉक्स काढायला गेली. यंत्राचा उजेड दाराच्या काचेवरून एकदा सरकला. गोरक्षांनी पेनचं टोपण काढलं होतं. ते कागदाकडेच बघत होते.

"मीना. तू तिला येऊ नको म्हणालीस ते मी ऐकलंय."

तिनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"आत पॅरलल फोन होता की. घंटी वाजली, दोघांनी एकदमच उचलला. तू बोलत होतीस आणि मी नुसता कानाला धरून... 'ये' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हणालो. तू माझ्या नावानं नको म्हणालीस, मला बरंच वाटलं तेव्हा. तूच एकटी वाईट झालीस."

झेरॉक्सचा उजेड पुन्हा सरकला. आता मोकळं वाटायला हवं होतं, असं तिला कुठेतरी दूर वाटलं, पण आला तो राग, लख्ख राग. सात वर्षं मी ह्या घरात चवड्यांवर चालले, निजलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून, आणि हा माणूस जागाच... आणि ते पुतळ्याचे विनोद, ते माझ्यासाठी? मला झाकायला? तिला त्यांचा हात झटकायचा होता आणि तो तिनं धरलेला होता, कधी धरला कोण जाणे. रागाखाली तिनं नेहमीची ती भीती चाचपून पाहिली. ती नव्हती. तिच्या जागी दुसरीच एक होती, ओली, कालपरवा जन्मल्यासारखी — की आता बाप लेकीला नाही, सायलीच मला विचारील, का येऊ नको म्हणालीस, ब्रसेल्सला तिच्या दारात उभी राहून, सात वर्षांनी मोठी झालेली. आणि तेव्हा माझ्याकडे कारण नसेल.