सॉलोमनला कंटेनरमध्ये नेलं

लेगॉसच्या याबा भागातल्या आमच्या ऑफिसात त्या सकाळी कोणी काम करत नव्हतं. सगळे प्रोग्रामर ब्रदर ओसाझुवाने विकायला आणलेल्या, सॉलोमन नावाच्या काळ्या पेटीभोवती गोळा झाले होते. नेटवर्कची तार त्याने सर्वांदेखत उपटली होती, तरी पेटी आमच्या कोडमधल्या चुका धडाधड सांगत होती. मागून कोणीतरी "आमेन" म्हणालं. ही सगळी इंजिनिअर झालेली मंडळी बरं का.

"सॉलोमन बाहेर जात नाही," ब्रदर डोळे मिटून सांगत होता. "सगळं ज्ञान पोटात. तुमचा एक शब्द या भिंतींपलीकडे जाणार नाही. फक्त शंका घेऊ नका, सॉलोमन रुसतो."

हिरवा दिवा लुकलुकला की माना डोलायच्या. मला किळस आली. दिवसभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढणाऱ्यांना या पेटीचा साधा स्क्रू उघडून बघावासा वाटला नाही.

आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. आमचे ओगा, म्हणजे मालक, लानरे भारावून म्हणाले, "एजिरो, रुग्णांच्या नोंदी जोड पेटीला. दुपारपर्यंत."

नोंदी सांभाळणारी एजिरो जागची हलली नाही. "ओगा, एचआयव्हीच्या दवाखान्याच्या नोंदी आहेत त्या. नवऱ्याला कळलं तर घराबाहेर काढेल, अशा बायका आहेत त्यात. आधी पेटी कंटेनरमध्ये नेऊ."

आवारातला तो लोखंडी कंटेनर आमचा लाडका. ग्राहकाचा फोन टाळायचा असला की आम्ही तिथे जाऊन बसतो. दार ओढलं की फोनला रेंज उरत नाही.

"सिस्टर, सॉलोमनला कोंडतेस?" ब्रदरचा आवाज चढला.

"पेटीत बॅटरी आहे, ज्ञान पोटात आहे. मग दार लावलं तर त्याचं काय जातंय?"

ओगांना नाही म्हणता येईना. पेटी आत नेऊन, दार ओढून तिने सकाळचाच प्रश्न विचारला. दिवा लुकलुकत राहिला, उत्तर काही येईना.

"तुमच्यातलं कोणीतरी शंका घेतंय," ब्रदर म्हणाला.

एजिरोने दार उघडलं. थोड्या वेळात उत्तर हजर. पुन्हा लावलं, सॉलोमन पुन्हा मुका.

"दार उघडलं की आमची श्रद्धा वाढते वाटतं," आमच्यातला टोन्ये म्हणाला, आणि पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

मग तिने पेटीचा तळ उघडला. आत एक मोबाइलचं मोडेम, त्यात सिमकार्ड. दिव्याची वायर नुसती बॅटरीला. आमचा प्रत्येक प्रश्न, सोबत आमचं कोड, परदेशातल्या कुठल्यातरी भाड्याच्या यंत्राकडे जात होतं. शहाणपण तिकडचं, आरत्या इकडे. ब्रदर पेटी न घेताच गेला.

"म्हणजे इथल्या इथे चालणारं असं काही नसतंच?" ओगांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"असतं की. माझ्या टेबलाखाली आहे."

तिने आपला जुना कॉम्प्युटर कंटेनरमध्ये आणला, उत्तरं देणारा प्रोग्राम त्याच्यातच भरलेला होता. दार लावलं. तो बराच वेळ कुरकुरला. मग चूक कुठल्या फाइलीत, कुठल्या ओळीत आहे ते दाखवलं. दुसऱ्या प्रश्नाला म्हणाला, मला दिलेल्या माहितीत हे सापडत नाही. त्याला कोणी आमेन म्हणालं नाही.

तुमच्याकडेही कोणीतरी अशी पेटी घेऊन येईल. माना डोलवण्याआधी तिला दाराआड न्या आणि पुन्हा विचारा. खरी असेल तर ती रुसणार नाही. आमच्या नोंदींतल्या त्या बायका आज आपापल्या घरात आहेत, कारण एकीने दार लावून पाहिलं.