कुणाचा गुडघा?

पुराचा अभ्यास करणाऱ्यांना एक खोड लागते. भिंत दिसली की पाण्याचा जुना डाग शोधायचा. पण डाग रंगाखाली जातात, मग माणसांना विचारावं लागतं, आणि माणसं काही फुटांत सांगत नाहीत. घोटाभर, कमरेएवढं, छातीएवढं! मी टेप लावते आणि आकडा नकाशात भरते.

नदीलगतच्या गल्लीत जुन्या मोठ्या पुराचं विचारलं, तर अकरा घरांनी छातीवर हात ठेवला. बाराव्या, म्हणजे आमच्या जुन्या घरात माझी सख्खी आत्या राहते. ती म्हणाली, "गुडघाभर."

"शेजारी छातीएवढं आणि तुझ्याकडे गुडघाभर? पाणी काय तुला घाबरून वाकून आलं?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तू जन्मली तरी होतीस का तेव्हा?"

माझं डोकंच फिरलं. एका आकड्यानं माझा नकाशा बुडत नाही हो, पण आत्या एकटी तळमजल्यावर झोपते. हल्ली पाऊस असा कोसळतो की ते पाणी पुन्हा कधीही येईल. वरची खोली रिकामी आहे. तरी धोक्याचा भोंगा वाजला तर ही बाई खाटेवर पाय घेऊन बसणार, कारण काय, तर गुडघाभरच येतं!

तो गुडघा काही माझा पिच्छा सोडेना. आत्या हट्टी आहे, खोटारडी नाही. मग असं कसं? रविवारी मी बाबांनाच सोबत घेऊन गेले. ते आत्याचे थोरले भाऊ, तिच्याहून बारा वर्षांनी मोठे. पुराचं नाव काढलं की "हं, आला होता" एवढंच म्हणतात.

"आत्या, नेमकी कुठे होतीस ते दाखव."

ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. "इथे. सहा वर्षांची होते. छताच्या त्या कडीला हात लावत होते, मजा वाटत होती."

मी वर पाहिलं. आजही मला ती कडी स्टुलाशिवाय लागत नाही.

"सहा वर्षांची पोर, आणि हात कडीला?"

आत्यानेही वर पाहिलं. हात उंचावला. कडी बरीच वर राहिली.

"उभी नव्हतीस गं," दारातून बाबा म्हणाले. "माझ्या खांद्यावर बसली होतीस. वरची खोली तेव्हा नव्हतीच. सकाळपासून दुपारपर्यंत तसाच उभा होतो. तू रडायला लागलीस, म्हणून म्हटलं, घाबरू नकोस, गुडघाभरच आहे."

"आणि तुम्हाला कुठवर होतं?"

त्यांनी गळ्याला हात लावला. मी टेप धरला. चार फूट सात इंच. आकडा नकाशात भरला.

आत्याने खाटेवरची गादी गुंडाळायला घेतली. "ए दीडशहाणे, बघतेस काय? धर ते टोक. वर न्यायचीय."

बाबा मदतीला पुढे झाले, तशी ती त्यांच्यावर खेकसली, "तू नको. तू खाली बस, दादा. बस आता."