फत्तेजंगाचा एका रात्रीचा मुक्काम

इतिहास पुराव्यावर उभा असतो, आणि पुरावा कुणाची भीडमुर्वत ठेवत नाही. बोरखडी गावात हा पुरावा मनकर्णाबाईंच्या गोठ्यात होता आणि त्यात तोंड घालून दोन म्हशी पाणी पीत होत्या.

पुरावा म्हणजे एक दगडी कुंड. नगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणारे प्रा. कल्याण गर्जे पाथर्डी तालुक्यातल्या या गावी जावळाच्या जेवणाला आले होते. जेवून हात धुवायला गोठ्याकडे गेले, ते तिथून थेट सन सोळाशेमध्ये गेले. त्या साली मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा निजामशाहीतला फत्तेजंग नावाचा सरदार किल्ल्यातून निसटला, पैठणच्या दिशेनं पळाला आणि वाटेत एक रात्र बोरखडीत राहिला. त्याचे घोडे याच कुंडात पाणी प्याले. असा सरांचा सिद्धांत.

"कागदोपत्री काही उल्लेख?" सरपंच आप्पासाहेबांनी विचारलं.

"कुठंही नाही," सर समाधानानं म्हणाले. "मुक्काम गुप्त होता. उल्लेख सापडला असता तर उलट शंका घ्यावी लागली असती."

आप्पासाहेबांना हे लगेच पटलं. ग्रामपंचायतीचा बराच कारभार याच तत्त्वावर चालत होता.

मग सर मौखिक परंपरेकडे वळले. गावातले सर्वांत म्हातारे रंभाजीबाबा देवळाच्या पायरीवर तंबाखू मळत बसले होते. सरांनी त्यांच्यापुढं मोबाईल धरला.

"बाबा, सरदाराचे घोडे त्या गोठ्यापाशीच बांधले होते ना?"

"आँ?"

"घोडे. गोठ्यापाशी."

"तुमी म्हन्ता म्हंजी बांधले आसतील."

"पन्नास तरी असतील?"

"पन्नास लई हुत्यात का?"

"नाही, बरोबर आहेत."

"मंग पन्नास."

चारशे वर्षांची लोकस्मृती, आकड्यासकट. सरांच्या अंगावर काटा आला.

ग्रामसभेनं ठराव केला: पुरातत्त्व खात्याची अधिकारी पाहणीला येणार, तिनं जागा मान्य केली की गोठा पाडायचा आणि तिथं स्मारक बांधायचं. मनकर्णाबाईंचं घर दोन म्हशींच्या दुधावर चालत होतं, आणि म्हशी बांधायला दुसरी हातभर जागा नव्हती. त्या सरांना जाऊन भेटल्या.

"आवो सर, ते कुंड माज्या सासऱ्यानं तिसगावच्या बाजारातनं आनलंय. मी नवी नवरी हुते. गाडीतनं उतरवाया मीबी हात लावलाय."

सर समजुतीनं हसले. "मावशी, गोठा तुमचा, म्हणजे तुमचा हितसंबंध आला. हितसंबंधी माणसाची साक्ष इतिहासात धरत नाहीत."

"मंग कुनाची धरत्यात?"

"ज्याला काही घेणंदेणं नाही त्याची. आणि एकमेकांशी संबंध नसलेले दोघं तेच सांगत असतील, तर विषयच संपला."

मनकर्णाबाईंनी हे नीट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या विमलबाईंनी सरांना रस्त्यात गाठलं. कुंड मुळात सरपंचाच्या रानात होतं, घोडेही तिथंच होते, असं त्यांची आजेसासू सांगायची म्हणे. तासाभरानं रंभाजीबाबा तेच बोलले, आणि आज तर त्यांना काही विचारावंही लागलं नाही.

"तुमचं या विषयावर विमलबाईंशी बोलणं झालंय का?" सरांनी शास्त्र म्हणून विचारलं.

"तिच्याशी? बांधावरनं दहा साल भांडान हाय आमचं."

भांडण खरं होतं. सकाळचा चहा मात्र दोघांनी मनकर्णाबाईंकडे एकाच चटईवर बसून घेतला होता. चटईबद्दल सरांनी विचारलं नाही.

आप्पासाहेब त्या रानात दुकानाचे गाळे काढणार होते. पाया खोदून झाला होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी चार साक्षीदार उभे केले, आणि घोडे छगनच्या कांदाचाळीपाशी गेले. छगननं परगावच्या सासूसकट सहा जण आणले आणि घोडे गोरक्षनाथच्या कोंबड्यांच्या शेडकडे हाकलले. आठवडा संपेपर्यंत फत्तेजंगाचा मुक्काम सात ठिकाणी झाला होता. सरदार थोर होता याबद्दल गावात दुमत नव्हतं. तो आपल्या जागेत नको, एवढंच.

मनकर्णाबाईंना वाटलं, आता सर वैतागून नगरला जातील. सर मात्र हरखले.

"इतकी माणसं खोटं कशाला बोलतील?" ते आप्पासाहेबांना म्हणाले. "सगळेच खरं सांगताहेत. शत्रू मागावर होता, म्हणून त्यानं एका रात्रीत सात वेळा तळ हलवला. हे तर कुणाला ठाऊकच नव्हतं."

"आन पहिला तळ?"

"जिथं कुंड आहे तिथं. गोठ्यात."

"मंग स्मारक पहिल्याच तळावर पायजे," आप्पासाहेब म्हणाले. बाकीच्या पाच जागामालकांनीही मान डोलावली.

"सर, तुमी कसंबी मोजा," मनकर्णाबाई म्हणाल्या, "मोजनी माज्याच दारात यिऊन थांबती."

पुरातत्त्व खात्याच्या धनश्री मॅडम आल्या त्या दिवशी मनकर्णाबाई सकाळपासून गोठ्याच्या दारातच बसून होत्या. मॅडमनी सातही ठिकाणं पाहिली, कुंडाचा फोटो काढला, चहा घेतला. सरांनी तासभर सगळं समजावून सांगितलं. शेवटी मॅडमनी एकच विचारलं.

"फत्तेजंग म्हणजे जुन्नरला कबर आहे तोच ना?"

"तोच," सर म्हणाले. "कबरीपर्यंत जायला मला अजून सवड झाली नाही."

"कबरीवर साल कोरलंय," मॅडम म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

फत्तेजंग नगरच्या वेढ्याच्या दोन वर्षं आधी, पंधराशे अठ्ठ्याण्णव साली, जुन्नरला तापानं मेला होता.