चारशे बारा

डेपोच्या फाटकाशी एक काळा फळा होता आणि त्यावर रोज एकच आकडा लिहिला जायचा: एकही फेरी रद्द न होता गेलेले दिवस. तो लिहायचा मान फोरमनचा. पावणेसहाला यायचं, कालचा आकडा पुसायचा, आजचा काढायचा आणि दोन पावलं मागे सरकून असं बघायचं की जणू घरात नातू जन्मलाय. वेळेचा इतका पक्का माणूस, की सगळे त्याला घड्याळकाका म्हणायचे, अगदी तोंडावर.

त्या सकाळी त्याने चारशे बारा लिहिलं.

वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम बघणारी फिटर बावीस वर्षांची जुनी. तिला सख्खे भाचे दोनच, पण अख्खा डेपो तिला मावशी म्हणायचा. गेल्या आठवड्यापासून तर तिची पोटची पोरही तिला मावशीच म्हणत होती. लेक नवीन ड्रायव्हर म्हणून याच डेपोत लागली होती आणि दोघींचं घरी ठरलं होतं, फाटकाच्या आत आई नाही.

"मावशी," लेक खिडकीतून वाकून म्हणाली, "ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढतेय."

"कधीपासून?"

"काल दुपारपासून. घड्याळकाकांना सांगितलं, तर म्हणाले, स्टिअरिंग घट्ट धर."

गाडीत चाळीस-एक माणसं बसलेली. सुटायला सहा मिनिटं. मावशीच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं, 'संध्याकाळी बघू.' त्या डेपोत हे वाक्य म्हणजे दुसरं इंजिनच होतं. त्याच्यावरच तर चारशे बारा दिवस गाड्या धावल्या होत्या. नवीन माणूस पहिल्या महिन्यात तक्रारी करायचा, दुसऱ्या महिन्यात कमी करायचा, तिसऱ्या महिन्यात आपणच दुसऱ्याला सांगायचा, संध्याकाळी बघू. कुणी शिकवत नव्हतं. अंगाला डिझेलचा वास लागतो तसं लागायचं.

पण लेकीचा हात स्टिअरिंगवर होता, आणि मावशीच्या तोंडून ते वाक्य काही फुटेना.

"किल्ली दे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी जाणार नाही. दे इकडे."

मिनिटभरात बोभाटा झाला. प्रवासी ओरडू लागले, कंडक्टरने कपाळावर हात मारला आणि घड्याळकाका धापा टाकत आला. "मावशी! चारशे बारा!"

"बघितलं. छान अक्षर आहे."

"अहो, मस्करी कसली करताय? दुसरी गाडी शिल्लक नाही. फेरी रद्द होईल!"

"होऊ दे."

"पोरीसाठी करताय हे."

ते वर्मी लागलं, कारण खरंच होतं. बावीस वर्षांत किती जणांनी हेच सांगितलं असेल, आणि तिने किती जणांना संध्याकाळ दाखवली असेल! तीही कुणाची तरी पोरंच होती. मावशीचे कान तापले, पण किल्लीवरची मूठ सुटली नाही. "पोरीसाठीच करतेय," ती म्हणाली. "आधी सगळ्यांसाठी करायला हवं होतं, ते केलं नाही."

गलका ऐकून मॅनेजर मॅडम खाली आल्या. बाईंना येऊन तीन महिने झाले होते. बोलणं कमी, त्यामुळे त्यांच्या पोटात काय आहे याचा कुणाला पत्ता नव्हता. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, प्रवाशांना हात जोडून खाली उतरवलं, स्वतः पुढच्या सीटवर बसल्या आणि मावशीच्या लेकीला म्हणाल्या, "पटांगणात एक फेरी मारा. हळू. मी सांगितलं की ब्रेक."

गाडी निघाली. "ब्रेक!" मॅडम ओरडल्या. गाडीचं नाक डावीकडे असं वळलं की भिंतीशी ठेवलेल्या वाळूच्या बादल्यांतल्या तीन आडव्या. बघ्यांच्या तोंडून एकदम "अरे!" निघालं.

"आई, बघितलंस?" लेक खिडकीतून ओरडली आणि मग जीभ चावली.

चाक काढलं तेव्हा उजवीकडचे ब्रेक लायनर तेलाने निथळत होते, ते चाक ब्रेक धरतच नव्हतं. मॅडमनी बोट लावून बघितलं. "आणखी कुठल्या गाडीत काय काय आहे?"

तीस माणसं, आणि सगळ्यांना अचानक आपापल्या चपला-बुटांत फार रस निर्माण झाला.

"मला का नाही सांगत?"

शेवटी सगळ्यात जुना ड्रायव्हर घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, तुमच्या आधीच्या साहेबांना मी सांगितलं होतं. फेरी रद्द झाली. दुसऱ्या दिवसापासून मला वर्षभर गाड्या धुवायला लावल्या. ते सगळ्यांनी पाहिलंय."

मॅडम सरळ फळ्याकडे गेल्या, तळहाताने चारशे बारा पुसलं, आणि लिहिलं: 'आज सापडलेले दोष: १'. घड्याळकाकाने डोळेच मिटून घेतले.

"उद्यापासून हा आकडा लिहायचा," मॅडम म्हणाल्या. "मोठा झाला तर मी खूश. शून्य दिसला तर खाली येऊन विचारीन, कोण काय लपवतंय."

मग जुना ड्रायव्हर म्हणाला, "दोन करा. माझा वायपर महिनाभर बंद आहे."

"तीन! मागचा दरवाजा दोरीने बांधलाय."

"माझा हॉर्न वाजतो, पण वळताना आपोआप!"

हशा पिकला आणि मग काय, धरणाचं दार उघडावं तसं झालं. एकावर एक लोक ओरडू लागले, मॅडमच्या हातातला खडू मोडला, कुणीतरी दुसरा आणून दिला. दुपारपर्यंत एकतीस! वर्कशॉपवाल्यांनी जेवणाचे डबे उभ्या-उभ्या संपवले. त्या दिवशी चार फेऱ्या रद्द झाल्या, वरच्या ऑफिसातून दोनदा फोन आला, आणि मावशी ग्रीसने माखलेल्या हातांनी घरी आली ती गुणगुणतच. नवऱ्याने विचारलं, "बढती मिळाली की काय?"

"त्याहून भारी," ती म्हणाली. "आज खरं बोलले."

तरी हे सोपं होतं. गाडीची चूक काढली तर गाडी रुसत नाही. स्वतःची चूक मात्र अजून कुणी सांगितली नव्हती.

तो प्रसंग तीन आठवड्यांनी आला, आणि मावशीवरच. सकाळी साडेदहाला ती हात धूत होती, आणि साबणाचा फेस उतरता उतरता तिच्या लक्षात आलं. बावीस नंबरच्या गाडीचं मागचं चाक बसवताना नट हाताने फिरवले, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, आणि लांब पान्याने पक्के करायचे राहिले. गाडी निघून तासभर झाला होता.

तिला नक्की ठाऊक होतं का? नव्हतं. कदाचित केलेही असतील. जुनी मावशी असती तर देवाचं नाव घेऊन संध्याकाळची वाट बघत बसली असती. ही मात्र ओल्या हातांनीच पळत सुटली, पत्र्याचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली आणि कंट्रोल रूममधल्या पोराच्या हातून वायरलेस हिसकावून घेतला.

"बावीस नंबर! गाडी हळू कर, बाजूला घे! मागच्या चाकाचे नट मी पक्के केलेले नाहीत. चूक माझी आहे. ऐकू येतंय का?"

हे रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांनी ऐकलं. खरखर झाली. मग ड्रायव्हरचा आवाज आला, "घेतली बाजूला, मावशी. लोक विचारतायत, काय सांगू?"

"खरं ते सांग."

ती खाली आली तर घड्याळकाका व्हॅन चालू करून बसलेला, लांब पाना मांडीवर. "बसा!" त्याने व्हॅन अशी हाणली की मावशीने दोन्ही हातांनी दार धरलं. बस झाडाखाली उभी होती. प्रवासी गोल करून बघत होते. मावशीने पहिला नट धरला. पक्का. दुसरा, पक्का. तिसरा तिच्या बोटांनी फिरला. चौथाही.

"फिरतोय!" एक प्रवासी ओरडला, सामन्यात विकेट पडावी तसा.

काकाने पाना लावला, दोघांनी मिळून सगळं चाक पक्कं केलं. एका म्हाताऱ्या आजीने मावशीचा काळा हात तसाच धरला आणि म्हणाली, "बाई, कळवलंस ते बरं केलंस हो." मावशीला हसू की रडू कळेना.

परतताना काका व्हॅन सावकाश हाकत होता. मग पुढे बघतच म्हणाला, "मी एकदा असंच चाक सोडलं होतं. गाडी परत येईपर्यंत फाटकाशी उभा होतो, नऊ तास. आली. कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही."

"आज बोललात की."

"तुम्हाला बोललो. त्यात काय!"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना पटांगणात गोळा केलं. चाकाचं काम यापुढे दोघांनी करायचं, एकाने आवळायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, असं ठरलं. मग मॅडम मावशीला म्हणाल्या, "काय झालं ते तुम्हीच सांगा." मावशीने सांगितलं, अडखळत. शेवटी काय म्हणावं ते सुचेना म्हणून "एवढंच" म्हणाली. टाळ्या कुणी वाजवायला सुरुवात केली देव जाणे, पण थांबेचनात. सगळ्यांत जोरात लेकच वाजवत होती.

टाळ्या ओसरल्या आणि घड्याळकाकाने हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा, ताठ. "माझंही एक आहे," तो म्हणाला. "जुनं आहे. चालेल?"

"चालेल!" तीस जण एकदम म्हणाले.

तो बोलू लागला. त्याच्या मागे आणखी दोन हात वर आले. पलीकडे पहिल्या गाडीचा कंडक्टर पुन्हा पुन्हा घंटी वाजवत होता, पण तिचा ड्रायव्हर उतरून पुढे येऊन उभा राहिला होता. त्यालाही ऐकायचं होतं.