यादीतलं शेवटचं गाव

जिल्ह्यात माणसं किती, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी अचूक सांगेन. अकरा वर्षं लोकसंख्येच्या टेबलावर बसतोय आणि दर वर्षी माझाच तक्ता सगळ्यांच्या आधी साहेबांकडे जातो. त्याचा मला भारी तोरा होता.

कामाची रीत सोपी. प्रत्येक गावाचा मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा, जन्म मिळवायचे, मृत्यू वजा करायचे. सगळ्या गावांची बेरीज वरच्या कार्यालयाच्या बेरजेशी जुळली पाहिजे. आमची बेरीज मात्र बऱ्याच वर्षी एखाद-दोनने जास्त भरायची, कारण शहरातल्या इस्पितळात वारलेल्यांची नोंद वर पोचायची, आमच्याकडे नाही. ती माणसं कुठल्या गावची, हे शोधत बसायला वेळ कुणाला? आमच्या जुन्या हेडक्लार्कनी मला पहिल्याच वर्षी युक्ती शिकवली होती. "यादीतल्या शेवटच्या गावातून कमी कर. सुंठीवाचून खोकला गेला." मी आकडा खोडायचो आणि चहाला जायचो.

ते शेवटचं गाव नदीपलीकडचं, माझ्या आत्याचं. आई गेल्यावर तिनेच मला तिथे वाढवलं. घरचंच गाव म्हटल्यावर माझा हात जरा जास्तच सैल सुटायचा. घरची माणसं कुठे तक्रार करतात!

बुधवारी दुपारी आत्या खुद्द माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. घामाघूम. हातात आमच्याच कार्यालयाचा कागद. शंभराच्या खाली लोकसंख्या असलेल्या गावांतली आरोग्य केंद्रं बंद, नर्सची सोमवारपासून बदली. ती यादी मीच टाइप केली होती. सत्तावीस गावं होती, शेवटच्या ओळीपर्यंत नजर गेलीच नव्हती.

"सत्त्याण्णव म्हणे!" आत्या म्हणाली. "अरे, सुनेला नववा लागलाय. नर्स गेली तर आम्ही काय करायचं? इस्पितळ तीन तासांवर." तिने पिशवीतून वहीची पानं काढली. "घरोघर फिरून नावं लिहून आणलीत. एकशे चार. सात माणसं कुठल्या गाढवाने मारली, तेवढं शोधून दे. मग बघते त्याच्याकडे."

मी जुनी रजिस्टरं काढली. एक, एक, दोन, एक, मग पाच वर्षं काहीच नाही, परत एक, एक. सगळं माझ्याच अक्षरात. बेरीज सात. आयुष्यात पहिल्यांदा बेरीज जुळली म्हणून मला ओरडावंसं वाटलं.

"आत्या, ते गाढव मी आहे."

तिला आधी ती थट्टाच वाटली. मग मी सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि त्या खोडलेल्या आकड्यांवरून एकेक करत बोट फिरवत गेली.

"म्हणजे आम्ही शेवटी होतो, म्हणून?"

"हो."

"आपल्या घरी शेवटी जेवायला कोण बसायचं रे?"

तीच बसायची. भाकरी कमी पडली की ती तिच्या ताटातली कमी व्हायची. मी दुसरी मागायचो, तिसरी मागायचो, आणि मागे किती उरल्यात हे कधी विचारलं नाही.

साहेबांच्या खोलीतून घंटी वाजली. आकडा दुरुस्त करायला एकच फॉर्म असतो आणि त्यात 'चूक कोणाची' असा रकाना असतो. अकरा वर्षांत तो फॉर्म कुणी भरलेला मी पाहिला नव्हता. भरला की नोकरी राहील की जाईल, सांगता येत नाही. मी रकान्यात माझं नाव लिहिलं, सही केली, रजिस्टरं काखेत मारली.

"तू थांब इथेच," मी आत्याला म्हणालो. "जेवलीस का?"

"नाही," ती म्हणाली. "तू आधी जाऊन ये."